प्रश्न तुमचे : लग्नाचं संशोधन, वर्गातलं शिकवणं आणि श्रद्धा

मानसशास्त्र शिकवणारी, विवाहावर संशोधन करणारी आणि त्याच वेळी स्वतःची श्रद्धा जपणारी माणसं नेमकी कुठे अडतात, असं आम्ही वाचकांना विचारलं होतं. आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : ‘वैवाहिक समाधान’ या विषयावर पीएच.डी. करते आहे. गाइड म्हणतात, लॉक-वॉलेसची प्रश्नावली घे, सगळे तीच वापरतात. ऐंशी विवाहित स्त्रियांकडून ती भरून घेणार आहे. नवऱ्यांना गाठणं फार अवघड जातं. एवढ्यावर भागेल का?

भागेल, पण मग प्रबंधाचं शीर्षकही तेवढंच ठेवा : ‘विवाहित स्त्रियांनी सांगितलेलं वैवाहिक समाधान’. एका बाजूची उत्तरं घेऊन ‘दांपत्यांमधील’ असं लिहिलंत, तर व्हायवाला पहिला प्रश्न तोच येईल आणि त्याला उत्तर नसेल.

आता प्रश्नावलीचं. लॉक आणि वॉलेस यांची मापनी १९५९ सालची आहे. प्रश्न १५, गुण २ ते १५८, आणि १०० च्या खाली गेलं की असमाधान, असा तिचा रिवाज. गुणदान मात्र बघून घ्या. ‘एकूण विचार करता तुमचं लग्न किती सुखाचं आहे’ या एकाच प्रश्नाला शून्यापासून ३५ पर्यंत गुण आहेत. हात थोडा इकडेतिकडे झाला की एका खुणेवर निकाल फिरतो. पुढे १९७६ मध्ये स्पॅनियर यांनी ३२ प्रश्नांची मापनी केली. तिचे गुण ० ते १५१ आणि भाग चार : एकमत, समाधान, एकत्र काही करणं आणि प्रेम व्यक्त करणं. ती आजही खूप वापरली जाते, पण तुमच्यासारख्या विषयात ती एक खड्डा खणून ठेवते. समजा तुमचं गृहीतक आहे, ‘संवाद चांगला असेल तर समाधान जास्त’. या मापनीत एकमत किती, भांडणं किती, शांतपणे चर्चा किती वेळा होते, हे प्रश्न आधीच आहेत. म्हणजे संवादाचा संबंध तुम्ही थोडाफार संवादाशीच जोडता. सहसंबंध दणदणीत येतो आणि त्यातून नवं काहीच कळत नाही.

म्हणून फंक आणि रॉग यांची २००७ ची ‘कपल्स सॅटिस्फॅक्शन इंडेक्स’ बघा. ती ३२, १६ आणि ४ प्रश्नांच्या आवृत्त्यांत मिळते. १६ प्रश्नांच्या आवृत्तीत गुण ० ते ८१ असतात आणि ५१.५ च्या खाली असमाधान धरतात. तिच्यातले प्रश्न मुख्यतः समाधानापुरते आहेत, बाकीची भेसळ कमी. गाइडना पटवायचं असेल तर पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, लॉक-वॉलेस आणि ही अशा दोन्ही मापन्या भरून घ्या आणि तक्ता त्यांच्यापुढे ठेवा. वाद घालण्यापेक्षा तक्ता स्वस्त पडतो.

भाषांतर करणार असाल तर एकाने करून भागत नाही. दोघांनी वेगवेगळं करायचं, मग दोन्ही मिळवून एक करायचं, आणि मूळ मापनी न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचं. जिथे परतीचं वाक्य मुळापासून सरकतं, तिथे पुन्हा बसायचं. त्यानंतर पाच-सहा जणांना प्रत्येक प्रश्न वाचून दाखवून ‘यात काय विचारलंय असं वाटतं?’ हे विचारायचं. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि नंतर सगळ्यात जास्त तीच छळते. स्पॅनियर यांच्या मापनीत जोडीदाराचं चुंबन किती वेळा घेता, असाही प्रश्न आहे. काही जण तो वाचून पानच उलटतात, आणि ती रिकामी जागा ‘नाही’ समजून मोजली जाते.

नवरे मिळाले, तर एक नियम मोडू नका : दोघांनी एका वेळी, पण वेगवेगळ्या जागी भरायचं. लिंक वेगवेगळी, किंवा कागदावर असेल तर लिफाफे वेगवेगळे आणि चिकटवलेले. जोडीला क्रमांक द्या, ०१७-अ आणि ०१७-ब असा. नावं दुसऱ्या वहीत, कुलपात. एकाच टेबलाशी बसून भरलेल्या जोड्या हाताळताच ओळखू येतात : त्याच प्रश्नाला खाडाखोड, तोच प्रश्न सुटलेला. अशी जोडी वगळायची की ठेवायची, हा नियम डेटा येण्याआधी लिहून ठेवा. दोघांपैकी एकाने नंतर माघार घेतली तर दुसऱ्याच्या उत्तरांचं काय करणार, हेही संमतिपत्रात आधीच असावं. मारहाणीबद्दल विचारणार असाल तर ते प्रश्न घरच्या सामाईक फोनवर कधीही पाठवू नका. उत्तर कोण वाचेल, हे तुमच्या हातात नसतं.

ऐंशी जोड्या म्हणजे एकशे साठ स्वतंत्र माणसं नव्हेत. एका घरातली दोन उत्तरं एकमेकांकडे झुकलेली असतात. ती स्वतंत्र धरून चाचणी लावली, तर दोघांना सारख्या असणाऱ्या गोष्टींबाबत (लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती) नसलेला फरक ‘सार्थ’ (म्हणजे योगायोगाने न आलेला) दिसू लागतो. नवरा-बायकोच्या तुलनेत नेमकं उलटं होतं, असलेला फरक हातातून निसटतो. यासाठी केनी आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेलं प्रारूप वापरतात. त्यात स्वतःच्या स्वभावाचा स्वतःच्या समाधानावरचा परिणाम एकीकडे आणि जोडीदाराच्या समाधानावरचा परिणाम दुसरीकडे, असे दोन वेगळे आकडे मिळतात. विवाह-संशोधनातली खरी गंमत त्या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि एकट्या बायकांच्या उत्तरांतून तो कधीच हाती लागत नाही.

प्रश्न : पंधरा मिनिटांचं भांडण पाहून घटस्फोट होणार की नाही हे नव्वद टक्के अचूक सांगता येतं, असं वर्गात शिकवलं. एका विद्यार्थ्याने ‘हे खरं कशावरून?’ विचारलं आणि मी गडबडले.

विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून सुमारे पंधरा मिनिटं वादाच्या विषयावर बोलायला लावलं, चित्रण केलं, नाडी-घाम मोजला आणि काही वर्षांनी कोण टिकलं ते पाहिलं. टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि मौनाची भिंत ही चार लक्षणं त्यातूनच गाजली. ती शिकवण्याजोगी आहेतच. ‘पाचास एक’ हे प्रमाणही तिथलंच, पण ते दिवसभराच्या वागण्याचं नाही. वाद चालू असताना टिकाऊ जोडप्यांत पाच चांगल्या क्षणांमागे एक वाईट, असं ते आहे. वर्गात हा तपशील हमखास गळतो.

गडबड भाकिताच्या दाव्यात आहे. कोणाचा घटस्फोट झाला हे कळल्यानंतर त्याच जोडप्यांवर सूत्र बसवलं, तर ते चांगलं बसणारच. खरी परीक्षा दुसऱ्या, ताज्या नमुन्यावर. हेमन आणि स्लेप यांनी २००१ मध्ये हेच आकडेमोड करून दाखवलं : सूत्र नव्या जोडप्यांना लावलं की अचूकता बरीच घसरते.

फळ्यावर हे गणित मांडा. समजा १०० जोडप्यांतली १० चार वर्षांत विभक्त होणार आहेत. ‘कोणीच होणार नाही’ असं डोळे मिटून सांगणाराही ९० टक्के बरोबर ठरतो. आता चाचणी घेऊ, जी विभक्त होणाऱ्यांतले ८० टक्के ओळखते आणि टिकणाऱ्यांतलेही ८० टक्के ओळखते. दहातले ८ सापडले. उरलेल्या नव्वदांतले १८ उगाच अडकले. म्हणजे चाचणीने बोट दाखवलेल्या २६ जोडप्यांत प्रत्यक्ष विभक्त होणारी ८. ज्या अठरांना तुम्ही ‘तुमचं काही खरं नाही’ असं सांगून घरी पाठवलंत, त्यांचं काय, हा प्रश्न मग वर्गच विचारतो.

जोडीला २०२० चा एक मोठा अभ्यास सांगा. जोएल आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी ४३ दीर्घकालीन अभ्यासांतली ११,१९६ जोडपी एकत्र केली आणि संगणकाला भाकीत करायला लावलं. अभ्यासाच्या सुरुवातीच्या समाधानातला ४५ टक्क्यांपर्यंतचा फरक नात्याबद्दलच्या उत्तरांतून समजला. अभ्यासाच्या अखेरच्या समाधानाबाबत हा आकडा १८ पर्यंत उतरला. आणि समाधान वाढत जाईल की घटत जाईल, ते जवळजवळ सांगताच आलं नाही.

प्रश्न : श्रद्धाळू जोडप्यांची लग्नं जास्त टिकतात, हे विज्ञानाने सिद्ध झालंय का? आमच्या मंडळाच्या पत्रकात तसं छापायचं आहे.

तसं छापू नका. प्रार्थनेला एकत्र जाणारी जोडपी सरासरीने कमी विभक्त होतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसतं. ‘श्रद्धेमुळे’ हा शब्द मात्र त्यातून आपोआप निघत नाही.

पहिली अडचण : टिकणं आणि सुखी असणं या दोन गोष्टी आहेत. घटस्फोट हे पाप मानणारा माणूस दुःखातही टिकून राहील. तो ‘टिकलेल्यां’च्या रकान्यात पडेल आणि पत्रकात यशस्वी म्हणून छापला जाईल. दुसरी : घरात धुसफुस सुरू झाली की जोडपी आधी एकत्र प्रार्थनेला जाणं बंद करतात. तेव्हा कारण कोणतं आणि परिणाम कोणता? तिसरी अडचण उत्तरं देणाऱ्यांची. १९६७ मध्ये एडमंड्स यांनी दाखवलं, की लग्नाबद्दल विचारलं की माणसं वास्तवापेक्षा गोड उत्तरं देतात. ‘माझ्या जोडीदारात एकही दोष नाही’ अशा धर्तीच्या विधानाला कोणी ‘होय’ म्हणालं, की त्याच्या बाकीच्या उत्तरांकडे जरा सावधपणे बघायचं. धर्मसंस्थेच्या आवारात प्रश्नावली वाटली, तर हा गोडवा आणखी वाढतो.

मोजणारे लोकही आळस करतात. ‘महिन्यातून किती वेळा जाता?’ या एका प्रश्नावर श्रद्धा मोजली जाते. ऑलपोर्ट आणि रॉस यांनी १९६७ मध्येच फरक केला होता : कोणी श्रद्धा जगतो, तर कोणी ओळखीपाळखी, प्रतिष्ठा किंवा दिलासा यांसाठी ती वापरतो. हजेरीपटावर दोघं सारखेच दिसतात. विवाहाच्या बाबतीत याच्या एक पाऊल पुढे गेल्या अ‍ॅनेट माहोनी आणि केनेथ पार्गामेंट. त्यांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये ९७ जोडप्यांना विचारलं, की तुम्ही दोघं मिळून कोणते धार्मिक आचार करता आणि तुमचं लग्न तुम्हाला पवित्र वाटतं का. ‘पवित्र’ याचेही दोन भाग केले : लग्नात देवाचा हात दिसतो का, आणि देवाचं नाव न घेताही ते तुम्हाला मंगल, नेहमीच्या व्यवहारापलीकडचं वाटतं का. एकेकट्याच्या धार्मिकतेपेक्षा या दोघांमधल्या गोष्टी समाधानाबद्दल जास्त सांगून गेल्या. दुसरा भाग देव न मानणाऱ्यांनाही लागू होतो, म्हणून तो आम्हाला विशेष उपयोगाचा वाटतो.

उलट बाजूही छापा. श्रद्धा भांडणात हत्यार होते तेव्हा ती फार जोरात लागते. ‘देवालाही तुझं हे पटणार नाही’ म्हटलं की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. त्यामुळे श्रद्धा किती आहे याच्याइतकंच ती भांडणात कोणाच्या बाजूने उभी केली जाते, हे विचारा.

पत्रकासाठी वाक्य हवंच असेल तर : ‘एकत्र प्रार्थना करणारी जोडपी सरासरीने अधिक समाधानी आढळतात. कारण-परिणामाचा प्रश्न खुला आहे.’ आकर्षक नाही, मान्य.

प्रश्न : मी श्रद्धाळू आहे आणि माझा विषय ‘प्रार्थना आणि वैवाहिक समाधान’ आहे. सहकारी म्हणतात, तुझा निष्कर्ष आधीच ठरलेला आहे. त्यांना काय सांगू?

सांगण्यापेक्षा दाखवायची सोय करा. पहिला डेटा येण्याआधी गृहीतक, नमुन्याची संख्या, कोणाला वगळणार आणि कोणती चाचणी लावणार, हे सगळं नोंदवून तारखेसह सार्वजनिक करा. ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या संकेतस्थळावर ते फुकट होतं. त्यात एक ओळ अवश्य घाला : ‘अमुक निकाल आला तर माझं गृहीतक चुकलं असं मी मानेन.’ ही ओळ लिहिताना हात अडखळला, तर सहकाऱ्यांचं म्हणणं थोडंफार खरं आहे असं समजा.

चित्रफितींचं कोडिंग करणाऱ्यांना, म्हणजे फीत पाहून वागण्याची नोंद करणाऱ्यांना, कोणतं जोडपं प्रार्थना करणाऱ्या गटातलं आहे, हे कळता कामा नये. पुष्कळदा गळ्यातल्या चिन्हावरून ते कळतं, म्हणून ते झाकायला चित्रणाआधीच सांगून ठेवा. प्रश्नांची भाषा श्रद्धा नसलेल्या माणसाकडून तपासून घ्या. ‘प्रार्थनेने तुमच्या नात्यात कोणते बदल घडवले?’ या प्रश्नात बदल घडले हे गृहीतच धरलेलं आहे, आणि ते तुम्हाला दिसणार नाही, त्याला दिसेल.

तुलनेचा गटही नीट निवडा. प्रार्थना करणारे विरुद्ध काहीच न करणारे, अशी तुलना कच्ची. जोडीदाराबद्दल रोज काही मिनिटं चांगला विचार करणारा गट ठेवा, म्हणजे परिणाम प्रार्थनेचा की नुसत्या लक्ष देण्याचा, ते वेगळं करता येईल. फिंचम, लॅम्बर्ट आणि बीच यांच्या २०१० च्या प्रयोगात चार आठवडे जोडीदारासाठी रोज प्रार्थना केलेल्यांनी बेइमानीचं वागणं कमी नोंदवलं. ते सहभागी नात्यात असलेले तरुण विद्यार्थी होते, आणि प्रार्थना त्यांना परकी नव्हती. जुन्या विवाहितांना किंवा प्रार्थना न करणाऱ्यांना तोच निष्कर्ष चिकटवता येत नाही.

पेपरमध्ये स्वतःच्या श्रद्धेबद्दल एक वाक्य लिहावं का? आमचं मत, लिहावं. एकच.

प्रश्न : लग्न न केलेल्या माणसाने हा विषय शिकवावा का? विद्यार्थी कुजबुजतात.

खुशाल शिकवावा. हृदयविकार शिकवायला झटका येऊन गेलेला असावा लागत नाही. उलट विवाहित प्राध्यापकाचा धोका मोठा : त्याच्या हाताशी एका लग्नाचा भरपूर अनुभव असतो आणि तो त्याला नमुना समजतो.

प्रश्न : ‘विवाह आणि कुटुंब’ हा पेपर यंदा पहिल्यांदा शिकवतोय. मुलं वर्गातच घरातल्या गोष्टी सांगू लागतात, एकदा एक मुलगी रडली. थांबवावं तर निष्ठुर वाटतं.

पहिल्याच तासाला सांगून टाका : इथे कोणालाही स्वतःचं किंवा घरचं काही सांगावं लागणार नाही, आणि त्याचे गुणही नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत कलम ७.०४ यासाठीच आहे. त्यात अपवाद आहेत, पण ते मुख्यतः व्यावसायिक प्रशिक्षणापुरते. संशोधनात भाग घेतल्याबद्दल गुण देणार असाल, तर ८.०४ म्हणतं की तितक्याच तोलाचा दुसरा पर्याय द्या. तुम्ही त्या संहितेला बांधील नसलात तरी नियम शहाणपणाचे आहेत. ‘आई-वडिलांच्या लग्नावर निबंध लिहा’ हा स्वाध्याय तर टाकूनच द्या. ज्याच्या घरी मारहाण आहे तो एक तर खोटं लिहितो, नाही तर असं खरं लिहितो जे तपासायला तुमच्याकडे ना अधिकार आहे ना तयारी.

वर्गात कोणी बोलू लागलंच, तर मध्येच तोडू नका आणि खोदूही नका. ‘हे सांगितलंस, ऐकलं. इथे चाळीस जण आहेत, म्हणून याबद्दल तास संपल्यावर बोलू’ एवढं म्हणून पाठ्यविषयाकडे वळा. तास संपल्यावर खरंच थांबा. समुपदेशन केंद्राचा पत्ता, वेळ आणि फोन कागदावर लिहिलेला खिशात असू द्या, आणि शक्य तर तिथूनच फोन लावून वेळ घेऊन द्या. स्वतः समुपदेशन सुरू करू नका. जिचे पेपर तपासायचे आहेत ती तुमच्याशी मोकळं बोलू शकत नाही, आणि बोलली तर नंतर गुणांकडे संशयाने बघेल. काही गोष्टी, म्हणजे अल्पवयीनाचा छळ किंवा जिवाला धोका, तुम्हाला वर कळवाव्या लागू शकतात. हे तिने सांगण्याआधी सांगा, नंतर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो.

मुलांचा उत्साह दुसरीकडे वळवायला हा प्रयोग उपयोगी पडतो. नटांनी केलेल्या भांडणाची पाच मिनिटांची फीत घ्या. दहा-दहा सेकंदांचे ३० तुकडे होतात. दोघादोघांच्या जोड्या करा. प्रत्येकाने स्वतंत्रपणे प्रत्येक तुकड्यापुढे ‘नकारात्मक’ किंवा ‘नाही’ असं लिहायचं. मग ताडून बघायचं. समजा ३० पैकी २४ जुळले. ८० टक्के! वर्ग खूश होतो. आता विचारा, दोघांनीही ७० टक्के तुकड्यांना ‘नाही’ म्हटलं असेल तर नुसत्या योगायोगाने किती जुळले असते? ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९, अधिक ०.३ गुणिले ०.३ म्हणजे ०.०९, एकूण ५८ टक्के. योगायोगापलीकडे कमावले ते २२, कमावता आले असते ४२. भागाकार ०.५२. हाच कोहेन यांचा ‘कप्पा’ (योगायोग वजा करून जुळणी मोजणारा आकडा), आणि तो इथे फारसा बरा नाही. न जुळलेले सहा तुकडे पुन्हा लावा. हमखास दिसतं, की एकाला जो उपरोध वाटला तो दुसऱ्याला विनोद वाटला होता. ‘तुच्छता’ची व्याख्या इतकी काटेकोर का लिहावी लागते, हे समजायला मग वेगळं व्याख्यान लागत नाही.

वर्गात तुमची श्रद्धा विचारली गेली तर एका वाक्यात उत्तर द्या आणि पुढे चला. परीक्षेत मात्र त्या वाक्याच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू नये. शक्य असेल तर असे पेपर नाव झाकून तपासा.

प्रश्न : आमच्या प्रार्थनागटात जोडप्यांसाठी क्षमेचं शिबिर घ्यायचं आहे. ‘रीच’ नावाची पद्धत ऐकली आहे. एका दुपारी आटपेल का?

ही पद्धत एव्हरेट वर्दिंग्टन यांची. ते आधी अणुअभियांत्रिकी शिकले, मग मानसशास्त्राकडे वळले आणि वर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठात दीर्घकाळ शिकवत राहिले. आपली ख्रिस्ती श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही, आणि पद्धतीची परीक्षा चाचण्यांवर सोडली. पायऱ्या पाच : दुखापत आठवणं, दुखावणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहणं, क्षमा भेट म्हणून देणं, ती दिल्याची नोंद करणं, आणि राग परत आला तरी ती धरून ठेवणं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच देशांतले ४,५९८ जण होते. एका गटाने तिची स्वयंअध्ययनाची वही लगेच वापरली, दुसऱ्याला थांबायला सांगितलं. वहीचं काम साधारण दोन-तीन तासांचं. वाट पाहणाऱ्या गटापेक्षा वही वापरणाऱ्यांची अक्षमा, चिंता आणि नैराश्य कमी झालं. तेव्हा एका दुपारी होतं.

बिघडतं ते असं. संयोजक पहिल्या दोन पायऱ्या उरकून तिसरीवर येतात, कारण ती पाहायला छान दिसते. आठवण नीट मांडली गेली नसेल तर माणूस कशाची क्षमा करतोय हेच धूसर राहतं. दुसऱ्या पायरीचं वकिलीत रूपांतर होतं : ‘त्याचं बालपण कठीण होतं, म्हणून...’ समजून घेणं वेगळं आणि दोषमुक्त करणं वेगळं, हे दर वेळी सांगावं लागतं. आणि सर्वांसमोर जोडीदाराला ‘क्षमा केली’ म्हणायला लावणं तर मुळीच नको. सगळे बघत असताना नाही कोण म्हणणार?

क्षमेचेही दोन प्रकार वर्दिंग्टन मानतात. सूड घेणार नाही, नीट वागेन, हा निर्णय. तो आज होऊ शकतो. मनातली कटुता जाणं हा दुसरा, त्याला वेळ लागतो. निर्णय झाला आणि राग तरी आहे, म्हणजे आपली क्षमा खोटी, असं समजून श्रद्धाळू माणसं स्वतःलाच कोसतात. शिबिरात हा फरक पहिल्या अर्ध्या तासात सांगा. सरावाला छोटी दुखापत घ्या, लग्नातली सर्वांत मोठी नको.

ज्या घरात आजही मारहाण किंवा धमकी चालू आहे, त्यांच्यासाठी हे शिबिर नाही. नावनोंदणीच्या वेळी दोघांशी वेगवेगळं बोलून ते विचारून घ्या. क्षमा केली म्हणजे परत एकत्र राहायलाच हवं किंवा तक्रार मागे घ्यायलाच हवी असं नाही, हे छापील पत्रकात ठळक अक्षरांत असू द्या.

प्रश्न : आम्ही दोघंही संशोधक वगैरे नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. भांडणं फार नाहीत, पण ओलावा कमी झालाय. ज्याला पुरावा आहे असं घरी करण्याजोगं काही?

आहे, आणि थोडक्यात होणारं आहे. फिंकेल आणि सहकाऱ्यांनी १२० जोडप्यांवर दोन वर्षं केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जोडप्यांनी दुसऱ्या वर्षात दर चार महिन्यांनी सात मिनिटं लिहिलं, म्हणजे वर्षाला २१ मिनिटं. अलीकडचा एखादा वाद घ्यायचा आणि तीन गोष्टी लिहायच्या. दोघांचंही भलं चिंतणारा त्रयस्थ हा वाद कसा पाहील, त्याला यात काही चांगलं कसं दिसेल? असं पाहताना मला कुठे अडतं? पुढच्या चार महिन्यांत वाद होताना ही नजर मी कशी ठेवू? लिहिलेलं जोडीदाराला दाखवायचं नाही, नाही तर त्रयस्थ लगेच तुमच्याच बाजूने साक्ष देऊ लागतो. अपेक्षा बेताची ठेवा : लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं नाही, पण इतरांचं घसरत राहिलं तेव्हा यांचं घसरणं थांबलं.

रॉग आणि सहकाऱ्यांचा त्याच वर्षीचा अभ्यास १७४ नवविवाहित किंवा लग्न ठरलेल्या जोडप्यांचा होता. दोन गटांना कौशल्यांचं प्रशिक्षण दिलं, तिसऱ्याला फक्त नात्यांवरचे चित्रपट पाहून ठरावीक प्रश्नांवर बोलायला सांगितलं. तीन वर्षांनी या तिन्ही गटांत विभक्त झालेले ११ टक्के, काहीच न केलेल्यांत २४. चित्रपटवाले प्रशिक्षणवाल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. तुमची अकरा वर्षं झाली आहेत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लागू नाही. पण करून बघायला काही जात नाही. चित्रपट संपल्यावर ‘त्या दोघांनी भांडण कसं मिटवलं, आपण कसं मिटवतो?’ इथून सुरू करा. पडद्यावरच्या पात्राच्या आडून बोलणं सोपं जातं. ‘बघ, तो तुझ्यासारखाच!’ हे वाक्य मात्र पहिल्या रात्री टाळा.